प्रश्नोत्तरे : आधी ओठ उचलून बघा

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच वाक्य फिरून फिरून आलं आहे : "दुधाचेच दात आहेत, पडणारच की." आणि लिहिणारे आहेत जन्मजात दोष किंवा विशेष गरजा असलेल्या मुलांचे आईवडील. हृदय, मेंदू, कान, फिजिओथेरपी यांच्या खेपा घालून ते थकलेले असतात, हे मला रोज दिसतं. पण तोंडाची पाळी सगळ्यांत शेवटी येते, तीही दुखायला लागल्यावर. म्हणून आज फक्त याच मुलांची पत्रं घेते.

नात चौदा महिन्यांची, डाउन सिंड्रोम आहे. अजून एकही दात नाही. कॅल्शियम सुरू करू का? (एक आजी, रामबाग)

नको. या मुलांचे दात उशिराच येतात, कधीकधी पहिला दात दीड-दोन वर्षांवरही जातो. कॅल्शियमचा इथे संबंध नाही. या मुलांना कीड तुलनेने कमी लागते, हिरड्या मात्र फार लवकर बिघडतात आणि ऐन तारुण्यात न किडलेले दात हलू लागतात. वर्ष उलटलंच आहे, तेव्हा तिला एकदा दाखवून घ्या.

मुलीने ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटला, असं तिच्या सासरी म्हणतात. ऑपरेशन बाळ पाच वर्षांचं झाल्यावर करायचं ठरलंय. (लोकमान्य नगर)

ग्रहणाचा आणि विळीचा काहीएक संबंध नाही. वरच्या ओठाचे भाग गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास जुळतात. तेव्हा दिवस गेल्याचं जेमतेम कळलेलं असतं. आनुवंशिकता, फिट्सची काही औषधं, तंबाखू अशी कारणं एकमेकांत मिसळलेली असतात आणि बरेचदा एका कारणावर बोट ठेवताच येत नाही. त्या मुलीला हे ऐकवणं आजच थांबवा.

पाच वर्षं कुणी ठरवली? ओठ साधारण ३ ते ६ महिन्यांत शिवतात, टाळूही फाटली असेल तर ती ९ ते १८ महिन्यांत. टाळू उशिरा शिवली की बोलणं नाकात अडकतं. शिवाय टाळू फाटलेल्या बाळांच्या कानात पाणी साठतं, म्हणून कानही तपासावे लागतात. पुढे हिरडीतल्या फटीत हाड भरायची वेळ येते, तीही सुळा येण्याआधी गाठावी लागते. पैशांमुळे थांबला असाल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा दोष २०१३ पासून समाविष्ट आहे. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, याच आठवड्यात.

फ्लोराइड नसलेली 'नैसर्गिक' पेस्ट विशेष मुलांसाठी सुरक्षित, असं दुकानदार सांगतो.

त्याला विकायची आहे. १००० पीपीएम फ्लोराइडची साधी पेस्ट घ्या : तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर मटाराएवढी.

मुलगा चार वर्षांचा. हृदयात जन्मतः दोष आहे, रडला की निळा पडतो. ऑपरेशन दोन महिन्यांवर आलंय. पुढचे चार दात किडलेत, एका दाढेवर पुवाची पुळी आहे. घरचे म्हणतात, आधी हृदयाचं उरकू. (सुदामा नगर)

आधी दात. आणि आजच हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा.

पू म्हणजे जंतूंचं घर. दाताच्या मुळाशी साठलेले जंतू रक्तात उतरतात. निरोगी हृदयातून ते वाहून जातात. सदोष हृदयात मात्र रक्ताचा झोत अस्तरावर आपटतो, तिथे ते चिकटून वाढतात. याला इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस म्हणतात आणि त्यात जीव जाऊ शकतो. बहुधा ऑपरेशनात कृत्रिम पॅचही (छिद्र बुजवणारं ठिगळ) बसेल. तोंडात पू ठेवून ते करायला शल्यविशारद सहसा तयार होत नाहीत, तारीख पुढे जाते. म्हणजे दात मागे ठेवून वेळ वाचत नाही, उलट जातो.

मुळापर्यंत किडलेला दुधाचा दात अशा मुलात वाचवत बसत नाहीत, बहुधा काढतात. त्याआधी अर्धा ते एक तास अँटिबायोटिकचा एकच डोस देतात. निळं पडणारं मूल, कृत्रिम झडप, पूर्वी झालेला हाच संसर्ग, पॅच बसवून सहा महिने न झालेलं मूल, यांना तो लागतो. हृदयातल्या न दुरुस्त केलेल्या साध्या छिद्राला बहुतेकदा लागत नाही. शेजारच्या मुलाला दिला म्हणून उरलेलं सिरप आपल्याला चालत नाही. हृदयतज्ज्ञांची चिठ्ठी घेऊनच दंतवैद्याकडे जा.

आता हे झालं कसं? मागे अशाच एका मुलाचे वरचे चारही दात तपकिरी खुंट होऊन हिरडीबरोबर आले होते. आई म्हणाली, "औषध झोपल्यावर देते, म्हणजे थुंकत नाही." मायेनेच देत होती. पण बरीच सिरपं साखरेत बनतात आणि झोपेत लाळ आटते, त्यामुळे तो पाक रात्रभर दातांवर बसून राहतो. डॉक्टरांना विचारून औषध जेवणाच्या वेळी द्या, वर पाणी पाजा, बिनसाखरेचं मिळतं का तेही विचारा. डोस मात्र आपल्या मनाने चुकवू नका.

आणि महिन्यातून एकदा ओठ उचलून बघा. आईवडिलांनी समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून खिडकीशी बसायचं. मुलाचं डोकं एकाच्या मांडीवर, पाय दुसऱ्याच्या कमरेशी. बोटाने वरचा ओठ उचला. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती कीडच आहे, पण या टप्प्यावर फ्लोराइड वार्निशने (दातांवर लावायच्या लेपाने) थांबवता येते. तपकिरी झाली की उशीर व्हायला लागतो.

मुलगी सात वर्षांची, ऑटिझम, बोलत नाही. दोन आठवडे गालावर मारून घेते. पोळी सोडली, फक्त दहीभात खाते. थेरपिस्ट म्हणतात, वागणुकीचा प्रश्न आहे.

तिला दुखतंय असं धरून चाला. न बोलणाऱ्या मुलाचा दात हातातून आणि ताटातून बोलतो. दात आणि कान दोन्ही याच आठवड्यात दाखवा, वागणुकीचं नंतर बघू. सकाळची पहिली वेळ मागून घ्या, दवाखाना शांत असतो. आदल्या दिवशी खुर्चीचा आणि दिव्याचा फोटो तिला दाखवून ठेवा. दुखणं नसेल तेव्हा पहिल्या भेटीत नुसतं खुर्चीत बसून घरी गेली तरी चालतं, पण आता दुखतंय, त्यामुळे तेवढ्यावर भागणार नाही. वरवरची कीड सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड लावून ड्रिलशिवाय थांबवता येते. दात काळा पडतो, हे आधीच सांगते. पू असेल तर ते पुरत नाही, मग रुग्णालयात भूल देऊन सगळं काम एका बैठकीत करावं लागतं. भुलीला घाबरून वर्षभर थांबलेली मुलं जास्त दात गमावून येतात.

पडलेले दुधाचे दात 'बँकेत' ठेवले तर त्यातल्या स्टेम सेल्सने सेरेब्रल पाल्सी बरी होते का?

असा सिद्ध झालेला उपचार आज नाही. ते पैसे फिजिओथेरपीला द्या.

मुलाला पाच वर्षांचा झाला तरी चारच दात आहेत, तेही टोकदार. केस विरळ, घाम येत नाही. पोह्यांवरची शेवही चावता येत नाही. कवळी अठराव्या वर्षीच बसते, असं ऐकलं. (स्नेहलतागंज)

चुकीचं ऐकलंत. वर्णन एक्टोडर्मल डिस्प्लेजियासारखं (दात, केस, घामग्रंथी जन्मतःच नीट न बनणं) आहे, निदान तपासूनच होईल. लहान कवळी तीन-चार वर्षांच्या मुलालाही बसते. जबडा वाढेल तशी ती बदलावी लागते. वाढ पूर्ण होईपर्यंत थांबायचं असतं ते साधारणपणे इम्प्लांटसाठी, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायच्या दातांसाठी. शाळेत हसायला, बोलायला कवळीचा फार उपयोग होतो. आपल्या इंदूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाच्या बालदंत विभागात घेऊन जा. आणि दातांआधी एक : घाम नसलेल्या मुलाचं अंग तापलं तर ते आपोआप थंड होत नाही. इंदूरच्या मे महिन्यात त्याला उन्हात खेळू देऊ नका, दप्तरात पाणी आणि ओला नॅपकिन ठेवा, आणि शाळेच्या बाईंना हे लेखी द्या.