अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये सर्वाधिक सामने जिंकणारा कोच कोण?
जॉन गलार्डी. गंमत म्हणजे हा गडी कुठल्या बड्या विद्यापीठात नव्हता. मिनेसोटातल्या सेंट जॉन्स या छोट्या कॅथलिक कॉलेजात १९५३ ते २०१२, तब्बल ६० हंगाम! त्याआधी चार वर्षं मोंटानात. एकूण ४८९ विजय, चार राष्ट्रीय विजेतेपदं. त्यातली शेवटची दोन कॉलेज खेळांच्या तिसऱ्या श्रेणीत, जिथे खेळाडूला खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही.

सुरुवात वयाच्या सोळाव्या वर्षी झाली. १९४३ साली शाळेचे कोच युद्धावर गेले आणि या पोराने संघ हातात घेतला.

सराव मात्र अजब. शिट्टी नाही, एकमेकांच्या अंगावर झेपावून पाडणं नाही, जो अमेरिकन फुटबॉलचा गाभाच. आणि 'कोच' म्हणायचं नाही, नुसतं 'जॉन'. आपल्याकडे सरांना अशी हाक मारून बघा!