झिप उघडेना, ताई!

गेल्या अंकात ‘जुने फोटो झिप करून ठेवा’ (म्हणजे बऱ्याच फाइलींचा एकच गठ्ठा बांधून ठेवा) असं मी सहज लिहून गेले, त्याची फळं या महिन्यात भोगते आहे. आलेल्या पत्रांपैकी निम्मी ‘उघडेना’ याच तक्रारीची. त्यातली पाच घेते.

प्रश्न : मुलीच्या लग्नाचे फोटो फोटोग्राफरने गूगल ड्राइव्हवर टाकून लिंक दिली. डाउनलोड केल्यावर झिपच्या तीन फाइली आल्या. पहिली आणि तिसरी उघडली, दुसरी ‘इनव्हॅलिड’ म्हणते. हळदीचे बरेच फोटो गायब. फोटोग्राफर म्हणतो, माझ्याकडून सगळं बरोबर गेलंय. त्याचे थोडे पैसे मी अडकवून ठेवलेत.
— एक वधूपिता, इचलकरंजी

उत्तर : आधी त्याचे पैसे देऊन टाका. बहुतेक तो खरं बोलतोय.

मोठा फोल्डर ड्राइव्ह एका गठ्ठ्यात देत नाही, साधारण दोन-दोन जीबीचे गठ्ठे बांधून देतं. प्रत्येक गठ्ठा आपापला स्वतंत्र असतो. म्हणून तुमचे दोन उघडले. पण एकाच फोल्डरमधले फोटो दोन-तीन गठ्ठ्यांत विखुरले जातात. त्यामुळे हळद थोडी इकडे, थोडी तिकडे.

आता तिन्ही फाइलींवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये साइझ बघा. पहिली दोन जीबीच्या आसपास आणि दुसरी सव्वाच असेल, तर नेट मध्येच गेलं आणि ती अर्धवट उतरली. ड्राइव्हवर पुन्हा जा, सगळं परत उतरवत बसू नका, फक्त हळदीचा फोल्डर उघडून तेवढाच डाउनलोड करा. त्याआधी सी ड्राइव्हवर जागा किती आहे तेही बघा. झिप आणि त्यातून बाहेर काढलेले फोटो दोन्ही ठेवायचे, म्हणजे जवळजवळ दुप्पट जागा लागते.

तुम्ही विचाराल, सव्वा जीबी तर आलंय ना, मग तेवढे फोटो तरी का दिसत नाहीत? कारण झिपमधल्या सामानाची यादी फाइलच्या शेवटी लिहिलेली असते. शेपूट आलं नाही की विंडोज हात वर करतं. हे ज्ञान मला स्वस्तात मिळालेलं नाही. १९९८ साली मी पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका डीटीपीच्या दुकानात कामाला होते. दिवाळी अंकाची पानं झिप करून नऊ फ्लॉप्यांवर भरली (एका फ्लॉपीत १.४४ एमबी, आजचा एक फोटोही मावायचा नाही) आणि सायकलवरून छापखान्यात नेली. तिथे पहिली फ्लॉपी घातली तर मशीन म्हणतं, शेवटची घाला. आधी यादी बघायची होती त्याला! आणि नववी फ्लॉपी दुकानात स्कॅनरवर राहिलेली. सप्टेंबरचा पाऊस, प्लॅस्टिकच्या पिशवीत एक फ्लॉपी, आणि छापखान्याच्या मालकांनी एक शब्दही न बोलता पुढे केलेला चहा. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

दुसरा गठ्ठा लगेच टाकून देऊ नका. सेव्हन-झिप नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, इगोर पाव्हलोव्ह यांनी १९९९मध्ये आणलेला, तो उतरवून घ्या आणि त्यातून ती फाइल उघडा. यादी नसली तरी तो सुरुवातीपासून चाचपडत जातो. ‘फाइलचा शेवटच सापडत नाही’ अशी कुरकुर करेल, करू द्या. जेवढे फोटो पुरे उतरलेत तेवढे बाहेर काढून देईल.

आणि साइझ बरोबर असूनही एखाद-दुसऱ्या फोटोपुरती ‘सीआरसी एरर’ आली, तर तेवढेच फोटो बिघडलेत असं समजा. भरताना प्रत्येक फाइलची एक खूणसंख्या लिहून ठेवलेली असते, काढताना ती जुळली नाही की ही ओरड होते. तेवढे फोटो परत मागवा.

प्रश्न : सोसायटीच्या सेक्रेटरींनी हिशेबाच्या एक्सेल फाइली झिप करून पाठवल्या. मी झिपवर डबल क्लिक करून एक उघडली, दोन तास बसून आकडे भरले, सेव्ह केलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर फाइल कोरी!
— खजिनदार, डोंबिवली

उत्तर : झिपच्या आतून फाइल उघडली की विंडोज तिची एक प्रत तात्पुरत्या फोल्डरात ठेवतं आणि ती तुम्हाला दाखवतं. तुम्ही भरले ते आकडे त्या प्रतीत. मूळ फाइल झिपमध्ये जशीच्या तशी. आता काँप्युटरची साफसफाई करणारा कुठलाही प्रोग्रॅम चालवू नका. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, चौकट येईल. तिच्यात टक्क्याचं चिन्ह, मग टी-ई-एम-पी ही चार इंग्रजी अक्षरं, पुन्हा टक्क्याचं चिन्ह, एंटर. उघडलेल्या ढिगाऱ्यात ‘टेम्प१’ने सुरू होणारं आणि तुमच्या झिपचं नाव असलेलं फोल्डर शोधा. नशीब असेल तर दोन तास तिथे पडलेले असतील. यापुढे आधी झिपवर राइट क्लिक करून ‘एक्सट्रॅक्ट ऑल’, म्हणजे सगळ्या फाइली बाहेर काढायच्या, मग काम.

प्रश्न : आईच्या जात्यावरच्या ओव्या मी रेकॉर्ड केल्या आहेत. प्रत्येक फाइलला ओवीची पूर्ण पहिली ओळ हेच नाव दिलंय. भावाला झिप पाठवली. त्याच्याकडे काही निघतात, काही ‘पाथ टू लाँग’ म्हणून अडतात.
— निवृत्त शिक्षिका, वाई

उत्तर : बाई, तुमचं पत्र वाचून आधी हेवा वाटला. आता कामाचं.

विंडोजमध्ये फाइलचा पूर्ण पत्ता, म्हणजे ड्राइव्हपासून सगळी फोल्डरं धरून नावापर्यंत, २६० चिन्हांत बसावा लागतो. हा जुना नियम अजून बऱ्याच ठिकाणी आडवा येतो. आणि काँप्युटर मराठी आपल्यासारखी मोजत नाही. ‘श्रीकृष्ण’ तुम्ही वर्गात तीन अक्षरांचा शब्द म्हणून शिकवला असेल. काँप्युटर मोजतो : श, पायमोडीची खूण, र, दीर्घ वेलांटी, क, ऋकाराची खूण, ष, पुन्हा पायमोडीची खूण, ण. झाले नऊ! ओवीची ओळ, त्यात विठ्ठल-रुक्मिणी आले की हिशेब कुठे जातो बघा. शिवाय ‘एक्सट्रॅक्ट ऑल’ केल्यावर विंडोज झिपच्याच नावाचं फोल्डर करतं, आणि आत बहुतेक वेळा पुन्हा त्याच नावाचं फोल्डर असतं. पत्ता डबल.

भावाला सांगा, झिपचं नाव बदलून नुसतं ‘ओ’ कर, ती थेट डी ड्राइव्हवर ठेव आणि तिथेच उघड. बहुतेक निघतील. तुम्ही मात्र ओळींची नावं बदलू नका. पाठवायच्या प्रतीला ओवी ०१, ओवी ०२ असे क्रमांक द्या आणि सोबत एका कागदावर कुठल्या क्रमांकाला कुठली ओळ ते लिहा. एखाद्याच्या जुन्या मशीनवर नावांच्या जागी चौकोन आणि चित्रविचित्र खुणा उमटतात, तीही कटकट वाचेल. पूर्वी तर विंडोज ७ मराठी नावाची फाइल झिप करायलाच नकार द्यायचं, ‘ही अक्षरं चालत नाहीत’ म्हणून.

प्रश्न : ३२ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह. त्यावर ५ जीबीची झिप जात नाही. दुकानदार म्हणतो नवा घ्या.
— विद्यार्थी, लातूर

उत्तर : घेऊ नकोस. तो ‘फॅट ३२’ पद्धतीने फॉरमॅट केलेला असणार, त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी राहूच शकत नाही. ‘एक्सफॅट’मध्ये फॉरमॅट कर, आतलं सगळं पुसलं जाईल हे लक्षात ठेवून. घरच्या जुन्या टीव्हीला तो मग वाचता आला नाही तर मला शिव्या नकोत. त्यापेक्षा सेव्हन-झिपमध्ये फाइलचे तुकडे करायची सोय आहे, ती वापर. उघडताना मात्र सगळे तुकडे एकाच फोल्डरात हवेत, आणि उघडायचा तो ००१ क्रमांकाचा.

प्रश्न : यजमानांनी घराची कागदपत्रं झिपमध्ये पासवर्ड घालून ठेवली. पासवर्ड त्यांनाच आठवत नाही. आत नावं दिसतात, उघडत मात्र काही नाही.
— गृहिणी, रत्नागिरी

उत्तर : झिपचा पासवर्ड आतला मजकूर बंद करतो, नावं उघडीच राहतात. त्यामुळे निदान काय अडकलंय ते कळलं. ‘फाइल अपलोड करा, पासवर्ड काढून देतो’ म्हणणाऱ्या साइटींवर घराची कागदपत्रं मुळीच चढवू नका. यजमानांना खुर्चीत बसवा, चहा द्या आणि एक एक विचारत जा : मुलांच्या जन्मतारखा, गावाचं नाव, बँकेचा जुना पिन. कॅप्स लॉक चालू-बंद करून दोन्ही प्रकारे टाकून बघा. गेल्या वर्षी एका काकांचा पासवर्ड त्यांच्या पहिल्या स्कूटरचा नंबर निघाला, आणि तो काकूंना पाठ होता.