"मॅडम, मालिश केल्याने कॅन्सर पसरतो का?"

हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता विचारणाऱ्याचा चेहरा आधी बघते, उत्तर नंतर देते. का ते सांगते. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.)

एक मुलगी आली होती, आईला ब्रेस्ट कॅन्सर, केमो चालू. आईचे पाय रात्रभर ठणकायचे, ती म्हणायची जरा चेपून दे गं, आणि ही काहीतरी कारण काढून खोलीबाहेर जायची. मी तिला नीट समजावलं, की हलक्या हाताच्या मालिशने कॅन्सर पसरतो असं कुठेही दिसलेलं नाही. रक्त आणि लिम्फ (रक्तासारखाच अंगभर फिरणारा पातळ द्रव) तर आपण चाललो, हात उचलला तरी वाहतंच की, आणि पसरणं हे त्या पेशींमधल्या बदलांमुळे होतं. डॉक्टरांनीही हो म्हटलं. तरी पुढच्या तीन भेटींत तेच, हात लावलेला नाही!

चौथ्या वेळी मी माहिती देणं थांबवलं आणि फक्त विचारलं, "आईला शेवटचं कधी चोळून दिलं होतंस?"

बराच वेळ ती गप्प. मग म्हणाली, "रिपोर्टच्या आधी. काखेत गाठ होती, आम्हाला वाटलं शीर आखडली असेल. मी महिनाभर रोज तेल लावून जोरात चोळलं, मॅडम."

तेव्हा मला कळलं. ती "पसरेल का" विचारत होती, पण तिला विचारायचं होतं "मी पसरवला का". माझा आजवरचा अनुभव हाच आहे की माहितीने शंका जाते, अपराधीपणा जात नाही, तो आधी कुणीतरी ऐकून घ्यावा लागतो. त्या दिवशी आम्ही फक्त रडलो, म्हणजे ती रडली आणि मी थांबले. नंतर हाच प्रश्न तिने स्वतः डॉक्टरांना विचारला, आणि तुझ्यामुळे झालेलं नाही हे त्यांच्या तोंडून ऐकलं. त्याच रात्री तिने आईचे पाय मांडीवर घेतले. आई म्हणाली, "मला वाटलं तुला माझी किळस येते." मला वाटतं, हे बाहेर आलं ते त्या स्पर्शामुळेच, समोरासमोर बसून ते कधीच बोललं गेलं नसतं.

आता घरच्यांसाठी. मालिशने कॅन्सर बरा होत नाही, पण दुखणं, थकवा, घालमेल काही काळ बऱ्याचदा हलकी होते. अमेरिकेतल्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये 1290 पेशंट्सची नोंद 2004 मध्ये छापून आली, त्यात मसाजनंतर त्रासाचे आकडे साधारण निम्म्यावर आले होते. तुलनेसाठी वेगळा गट नव्हता त्यामुळे तो पक्का पुरावा नाही, पण मला रोज दिसतं त्याच्याशी जुळतं.

फक्त आधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः प्लेटलेट्स कमी असतील, ताप असेल किंवा कॅन्सर हाडात गेला असेल तर. गाठीवर, रेडिएशनच्या जागेवर, पोर्टजवळ (केमो द्यायला कातडीखाली बसवलेली छोटी डबी) दाबायचं नाही. काखेतल्या लिम्फच्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज यायची भीती असते, तो हात लिम्फेडेमा (लिम्फ साचून येणारी ही सूज) समजणाऱ्या थेरपिस्टकडेच द्या. एका पायाला अचानक सूज आली, दुखायला लागलं तर रक्ताची गुठळी असू शकते, चोळू नका, लगेच दाखवा.

आणि दर वेळी विचारा, "आज चालेल का?" ती "आज नको" म्हणाली तर नुसता हात हातात घेऊन बसा.