पॅराशूटची घडी म्हणजे हलकं काम नव्हे

हडपसरहून एका वडिलांनी लिहिलंय: "मुलगा बारावी सायन्सनंतर हवाई दलात चार वर्षांसाठी अग्निवीरवायू झाला. आता त्याला वैमानिकांच्या सेफ्टी इक्विपमेंटचं काम दिलंय. हेल्मेट, मास्क तपासायचे, पॅराशूटच्या घड्या घालायच्या. तो नाराज आहे. यात शिकायचं काय, आणि चार वर्षांनी पुढे काय?"

नमस्कार. थेऊर तुमच्यापासून लांब नाही. १४ ऑक्टोबर २०१४ ला त्या भागात हवाई दलाचं सुखोई लढाऊ विमान कोसळलं. दोन्ही वैमानिक सीटसकट बाहेर पडले आणि पॅराशूटने जिवंत उतरले. ती पॅराशूटं कुणीतरी आधीच घडी घालून, सही करून बंद केली होती. इंजिन सुरू करून बघता येतं; बांधलेलं पॅराशूट उघडून बघता येत नाही. म्हणून इथे हाताच्या सवयीवरच सगळी भिस्त.

माझ्याकडे मुलांशी बोलायला हवाई दलातले एक निवृत्त तंत्रज्ञ यायचे. मास्क हातात घेण्याआधी अंगठी काढून, साबणाने हात धुवायचे. एकदा केसांना चपचपीत तेल लावून आलेल्या मुलाला त्यांनी मास्कला हातही लावू दिला नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनशी तेल-ग्रीसचा संपर्क आला तर पेट घेऊ शकतं, हे त्या दिवशी मुलांना जन्माचं कळलं.

मुलाला माझं सांगणं एवढंच: घाई करायची नाही. रोज तेच काम करताना चेकलिस्ट पाठ होते आणि नजर घसरते. पाठ असली तरी कार्ड समोर ठेवून एकेक ओळ वाचावी. काम संपल्यावर हत्यारं मोजावीत. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. आपलं काम दुसऱ्याकडून तपासून घेण्यात कमीपणा नाही. स्वतःची चूक सिनियरला लगेच सांगणारा मुलगा मला सगळ्यात हुशार वाटतो. मॅन्युअल इंग्रजीत असतात, तेव्हा इंग्रजी वाचन वाढवावं. मात्र मॅन्युअलची पानं, फोटो मोबाइलवर घरी आणू नयेत, हे तुम्हीही त्याला बजावा.

पुढचं थोडक्यात. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के मुलं कायम होतात, त्यामुळे बाहेरची तयारी आतापासून हवी. इग्नू या मुक्त विद्यापीठाची अग्निवीरांसाठी पदवी आहे, तिचे निम्मे क्रेडिट सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरतात. तिथे नाव घालावं. विमान कंपन्यांना लाइफ जॅकेट, ऑक्सिजन सिलिंडर तपासणारी माणसं लागतात. अग्निशमन दलाचे श्वसन संच, चाकणच्या कारखान्यांतले सेफ्टी हार्नेस, हेही याच हाताचं काम आहे. कौशल्य प्रमाणपत्र जपून ठेवावं.

सुट्टीवर आला की त्याला विचारा, "घडी घालण्याआधी काय काय बघतोस?" आणि तो सांगेल ते पूर्ण ऐकून घ्या, मध्ये बोलू नका.