१६ तास उपास केल्याने खराब मायटोकाँड्रिया साफ होऊन टाइप २ मधुमेह जातो का?

नाही. मधुमेहात ही साफसफाई अडते हे खरं, पण ती कुठे अडते हे पाहिलं की ‘१६ तास’ हा आकडा किती हवेतला आहे ते कळतं.

मायटोकाँड्रिया (शाळेच्या पुस्तकातली तंतुकणिका, पेशीचं ऊर्जाकेंद्र) बिघडला हे पेशीला त्याच्या विद्युतदाबावरून कळतं. धडधाकट मायटोकाँड्रियात पिंक-१ हे प्रथिन या दाबाच्या जोरावर आत ओढलं जातं, कापलं जातं आणि संपतं. दाब पडला की ते बाहेरच्या पटलावरच साचतं आणि पार्किन या दुसऱ्या प्रथिनाला जागं करतं. पार्किन मायटोकाँड्रियावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाच्या खुणा चिकटवतं. खुणावलेल्या मायटोकाँड्रियाभोवती दुपदरी पिशवी तयार होते, ती लयकारिकेला (लायसोसोम, पेशीतली कचरा विरघळवणारी पिशवी) जाऊन मिळते आणि तिथल्या आम्लात, विकरांत सगळं विरघळतं. याला म्हणतात मायटोफॅजी.

सतत जास्त खाणं झालं की इन्सुलिन आणि अमिनो आम्लं एमटॉर (पेशीला ‘खाणं भरपूर आहे’ असं सांगणारं प्रथिन) चालू ठेवतात, एमटॉर त्या दुपदरी पिशव्या बनवायला सुरुवात करून देणाऱ्या युएलके-१ या प्रथिनाला दाबून धरतो. शिवाय पामिटेटसारख्या संपृक्त चरबीने लयकारिकेतलं आम्ल कमी पडू लागतं. स्वादुपिंडाच्या बीटा पेशीला याचा फटका जास्त, कारण तिथे ग्लुकोज जाळून मायटोकाँड्रियात बनलेला एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) पेशीच्या पटलावरची पोटॅशियमची दारं बंद करतो, मग कॅल्शियम आत येतं, तेव्हा कुठे इन्सुलिन सुटतं. एटीपी कमी पडला की जेवणानंतरचं इन्सुलिन उशिरा आणि थोडं येतं.

आता ‘उपासाने साफसफाई वाढली’ असे दावे. त्यातले बरेच एलसी३-२ या पिशवीवरच्या खुणेच्या मोजणीवर उभे असतात. सोसायटीच्या दारात कचऱ्याच्या पिशव्या वाढल्या, म्हणजे घरं झाडली गेली की घंटागाडीच आली नाही? हे ओळखायला बॅफिलोमायसिन या रसायनाने लयकारिका बंद करून पुन्हा मोजतात. बंद केल्यावर खूण आणखी वाढली तर प्रवाह चालू होता, तेवढीच राहिली तर आधीच तुंबलेला. ही जोड-मोजणी नसेल तर मी तो दावा बाजूला ठेवतो.

आणि जास्त सफाई म्हणजे चांगलीच, असंही नाही. उंदरांत थंडीने तयार झालेली बेज चरबी, जी साखर आणि चरबी जाळते, ती मायटोफॅजीमुळेच पुन्हा पांढरी होते. पार्किन काढून टाकलं तर बेज टिकते.

उंदराचा चयापचय आपल्यापेक्षा कितीतरी वेगवान, त्यामुळे त्याचे उपासाचे तास माणसाला लावता येत नाहीत. माणसात उपासाने साखर उतरते ती मुख्यतः एकूण खाणं आणि वजन घटल्याने. (साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेल्या उपासात तर इन्सुलिन लगेच चढतं.) स्नायूंतल्या मायटोकाँड्रियासाठी आठवड्याला १५० मिनिटं झपझप चालणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

उपास करायचाच असेल आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड (साखर फार खाली नेऊ शकणाऱ्या गोळ्या) किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डोस आधी डॉक्टरांकडून बदलून घ्या. साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन छोटे (चहाचे) चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. डॅपाग्लिफ्लोझिन (लघवीतून साखर बाहेर टाकणारी गोळी) घेत असाल तर लांब उपासात साखर फार वाढलेली नसतानाही कीटोअॅसिडोसिस (रक्तात धोकादायक आम्ल साचणं) होऊ शकतो; मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर थेट दवाखाना गाठा.