जंगबार, झांझिबार आणि जंजिरा

प्रश्न असा आला आहे : मुंबईच्या जुन्या व्यापारावरील एका मजकुरात ‘जंगबारी हस्तिदंत’ आणि ‘जंगबारची पेढी’ असे शब्द आहेत. जंगबार म्हणजे आजचं, टांझानियातलं झांझिबारच ना? मग मराठीत आता कोणतं रूप लिहावं? आणि मुरूडच्या जंजिऱ्याशी या नावाचा काही संबंध लागतो का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सरळ आहे : संबंध नाही. जंगबार आणि झांझिबार मात्र मुळात एकच शब्द. तरी ‘जंगबार’ दिसला की डोळे मिटून ‘झांझिबार’ लिहिता येत नाही. मजकूर कोणत्या काळातला आहे ते पाहावं लागतं.

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या लोकांना अरब ‘ज़ंज’ म्हणत, इराणी ‘ज़ंग’ किंवा ‘ज़ंगी’ (खाली टिंब दिलेला ‘ज़’ म्हणजे इंग्रजीतला z). नवव्या शतकात बसऱ्याच्या दलदलीत राबणाऱ्या गुलामांनी जे मोठं बंड केलं (८६९ ते ८८३), त्याला इतिहासात ज़ंजांचंच बंड म्हणतात. या ‘ज़ंग’ला ‘बार’ लागून ज़ंगबार झालं. हा ‘बार’ म्हणजे फारसीतला किनारा, मुलूख. मलबारात शेवटी जो आहे, तोच. काही जण इथे अरबी ‘बर्र’, म्हणजे जमीन, हा शब्द पाहतात. मला ते पटत नाही. अरबी लेखनात ‘ज़ंजिबार’मधला आ दीर्घ आणि र एकेरी आहे, ‘बर्र’मध्ये स्वर ऱ्हस्व आणि र जोड आहे. म्हणजे फारसी शब्द अरबांनी उचलला आणि ‘ग’चा ‘ज’ केला. अरबांकडून तो पोर्तुगीज, इंग्रज यांच्याकडे गेला तेव्हा त्या ‘ज’चाही ‘ज़’ झाला. आपल्याकडे मात्र शब्द दोन वाटांनी आला. ‘जंगबार’ फारसीतून आणि कच्छी-गुजराती व्यापाऱ्यांच्या तोंडून आला, तर ‘झांझिबार’ इंग्रजी नकाशांतून.

मराठीत फारसी ‘ज़’चा ‘ज’ होतो : ज़मीनची जमीन, ज़ोरचा जोर. त्यामुळे ‘ज़ंग’ आणि लढाई या अर्थाचा ‘जंग’ आपल्याकडे लिहिताना एकसारखेच दिसतात आणि घोटाळा होतो. जंगी सभा, जंगी स्वागत यांतला ‘जंगी’ लढाईवरून आलेला आहे, त्याचा आफ्रिकेशी काही संबंध नाही. दुसरा ‘जंगी’ आपल्याला युनानी औषधांत भेटतो. बाळहिरड्याला हकीम ‘हलेला सियाह’ म्हणतात आणि ‘हलेला ज़ंगी’ही म्हणतात. सियाह म्हणजे काळा, आणि ज़ंगी म्हणजेही इथे काळाच. उत्तरेच्या बाजारातली ‘जंगी हरड’ ती हीच. तिच्यात ना युद्ध आहे ना जंगल.

आल्याशी जोडलेली व्युत्पत्तीही ऐकायला मिळते : अरबीत आल्याला ‘ज़ंजबील’ म्हणतात, म्हणून मसाल्याच्या बेटाला झांझिबार. नादसाम्यापलीकडे त्यात काही नाही. ज़ंजबील हा शब्द आपल्याच ‘शृंगवेर’पासून पालीत ‘सिंगिवेर’ होत पश्चिमेला गेलेला आहे. शिवाय हे बेट मसाल्याचं झालं तेच एकोणिसाव्या शतकात, आणि नाव त्याच्या कितीतरी आधीचं आहे.

आता जंजिरा. अरबी ‘जज़ीरा’ म्हणजे बेट. मराठीत त्यात अनुस्वार शिरला, अर्थ आकसून ‘पाण्यातला किल्ला’ असा झाला आणि तो सामान्यनाम म्हणून वावरला. म्हणून जुन्या पत्रांत ‘जंजिरे सुवर्णदुर्ग’, ‘जंजिरे विजयदुर्ग’ असे उल्लेख येतात. मुरूडच्या किल्ल्याला तो विशेषनामासारखा चिकटला, एवढंच. दोन्ही शब्द अरबी अक्षरांत मांडून पाहिले की फरक लगेच दिसतो : ज़ंजिबारात आधी ‘ज़’ आणि मग ‘ज’ येतो, जज़ीऱ्यात आधी ‘ज’ आणि मग ‘ज़’. मराठीने दोन्हींना ‘ज’च्या एकाच घरात बसवलं, म्हणून ते भावंडं वाटतात. सिद्द्यांमुळे ही शंका येते हेही खरं. पण मुरूडचे सिद्दी ‘हबशी’ म्हणवले जात, म्हणजे हबश देशाचे, आजच्या इथिओपियाकडचे. अरब भूगोलकारांच्या लेखी हबश हा एक मुलूख आणि ज़ंज हा त्याच्या दक्षिणेचा दुसरा. ‘सिद्दी’ तर वंशाचं नाव नव्हेच, ‘सय्यिदी’ म्हणजे ‘माझे धनी’ यावरून आलेला तो आदरार्थी शब्द आहे.

काळाचा मुद्दा इथून पुढे. मध्ययुगीन मजकुरात जंगबार म्हणजे किनारा. मार्को पोलोने झांझिबारला दोन हजार मैल घेराचं बेट ठरवलं. त्याने ते पाहिलं नव्हतं. किनारपट्टीची ऐकीव वर्णनं त्याने एका बेटाच्या नावावर घातली, हे त्या आकड्यावरूनच कळतं. आजच्या मोठ्या बेटाचं क्षेत्रफळ सुमारे १,६६० चौरस किलोमीटर आहे. त्या बेटाचं स्वाहिली नाव उंगुजा, आणि तिथले लोक ते आजही वापरतात. उत्तरेला पन्नासेक किलोमीटरवर पेंबा हे दुसरं बेट आहे.

१६९८ मध्ये मोंबासाचा किल्ला ओमानच्या अरबांनी पोर्तुगीजांकडून घेतला आणि या किनाऱ्यावर ओमानचा अंमल बसत गेला. पुढे सुलतान सय्यद सईद याने आपली गादीच मस्कतहून उंगुजावर हलवली. बहुतेक इतिहासकार त्यासाठी १८४० हे साल धरतात. इथपासून ‘झांझिबार’ हे शहराचं, बेटाचं आणि राज्याचं, असं तिन्हींचं नाव झालं. राज्यात समोरचा किनारा होता, बंदरं होती. १८८६ मध्ये ब्रिटन आणि जर्मनी यांनी सुलतानाची हद्द मोजून किनाऱ्यावर दहा सागरी मैलांची पट्टी, म्हणजे साडेअठरा किलोमीटर, एवढीच मान्य केली. १८९० मध्ये झांझिबार ब्रिटिश संरक्षणाखाली गेलं. पट्टीपैकी केनियाचा भाग कागदोपत्री १९६३ पर्यंत सुलतानाचाच होता.

म्हणून अनुवाद करताना मी असं सुचवेन. मजकूर सईदच्या आधीचा असेल तर ‘जंगबार’ तसाच ठेवा आणि टीप द्या की हा पूर्व आफ्रिकेचा किनारा. १८४० ते १८९० मधला असेल तर वाक्य नीट पाहा. माल ‘जंगबारहून’ निघाला असेल तर शहर, जकात ‘जंगबारात’ घेतली असेल तर राज्य. त्यानंतरच्या मजकुरात बिनधास्त झांझिबार लिहा.

मुंबईच्या कागदांत हे नाव इतकं का येतं, त्यालाही कारण आहे. १८४१ मध्ये तिथे गेलेला पहिला ब्रिटिश वकील हॅमर्टन मुंबई सरकारच्या नोकरीतला होता आणि त्याचा पत्रव्यवहार मुंबईशी चाले. सईदच्या मुलांत गादीचं भांडण झालं तेव्हा बर्गश या मुलाला दोन वर्षं मुंबईत ठेवण्यात आलं, आणि तोच पुढे १८७० मध्ये सुलतान झाला. ओमान आणि झांझिबार ही दोन राज्यं वेगळी करण्याचा १८६१ चा निवाडा हिंदुस्थानचा व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंग याने दिला. झांझिबारने मस्कतला दरसाल चाळीस हजार मारिया थेरेसा डॉलर (त्या काळी तिकडे चालणारी चांदीची नाणी) द्यावेत, अशी त्यात अट होती. गुलामांचा बाजार बंद करण्याचा तह ५ जून १८७३ रोजी झाला. त्याची बोलणी सुरू करायला गेलेला बार्टल फ्रियर हा मुंबईचा माजी गव्हर्नर. याच काळात समुद्रात अडवलेल्या गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली मुलं नाशिकच्या शरणपूरला ठेवली जात, शिकवली जात. आफ्रिकेचा शोधप्रवासी लिव्हिंगस्टन याच्या १८६६ च्या मोहिमेत नाशिकच्या शाळेतले नऊ जण होते. पूर्व आफ्रिकेच्या इतिहासात ‘नासिक’ हे नाव जे येतं, ते इथून. स्थळनामाचा असा उलटा प्रवास मला फार मोलाचा वाटतो, कारण अनुवादक ते नाव आफ्रिकेतलं गाव समजून मोकळे होतात.

‘जंगबारची पेढी’ हा प्रयोगही याच दुनियेतला. कच्छमधल्या मुंद्र्याच्या भाटियांची जयराम शिवजी ही पेढी दीर्घ काळ सुलतानाची मक्तेदार होती. बंदरात उतरणाऱ्या मालावर पाच टक्के जकात असे. ती वसूल करण्याचा मक्ता पेढीने ठराविक रकमेला घ्यायचा, वर सुटेल तो पेढीचा नफा. मध्ये काही वर्षं हा मक्ता थारिया टोपण या खोजा व्यापाऱ्याकडे होता. त्याने पायाभरणी केलेला जुना दवाखाना झांझिबार शहराच्या समुद्रदर्शनी रस्त्यावर अजून उभा आहे. चलनातही आपला रुपया चाले. १९०८ मध्ये झांझिबारचा स्वतःचा रुपया निघाला तोही आपल्या रुपयाच्या बरोबरीचा, आणि तो १९३६ मध्ये बंद होऊन पूर्व आफ्रिकी शिलिंग आला. तेव्हा त्या काळच्या हिशेबात ‘रुपये’ दिसले तर ते कोणते, हे साल बघून ठरवा. स्वाहिलीतला ‘पेसा’ हा आपला पैसाच.

आता ‘जंगबारी’ या विशेषणाकडे येऊ. मालाला लागलेलं हे विशेषण माल कुठे पिकला ते सांगत नाही, कुठून चढला ते सांगतं. जंगबारी हस्तिदंत बेटावरचा असणं शक्यच नव्हतं, तिथे हत्ती नाहीत. आफ्रिकेच्या आतल्या टाबोरा, उजीजीकडून हमालांच्या डोक्या-खांद्यावरून तो किनाऱ्यावरच्या बागामोयो बंदराला येई, गलबताने उंगुजाला आणि तिथून मुंबईला. हा दंत मऊ, कापायला सोपा, म्हणून बांगड्यांसाठी त्याला मागणी होती. ‘झांझिबारी राळ’ हाही तसाच प्रकार, ती समोरच्या किनाऱ्यावर जमिनीतून खणून काढत.

लवंगेचंही तेच, फक्त अंतर कमी. झाडं मॉरिशस-रियुनियनकडून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली. सईदने नारळाच्या एका झाडामागे तीन लवंगा लावण्याची सक्ती केली. एप्रिल १८७२ च्या वादळात उंगुजावरच्या बहुतेक बागा आडव्या झाल्या आणि पेंबा वाचलं. तेव्हापासून ‘झांझिबारी लवंग’ मुख्यतः पेंबाची असते. कळी हिरवट असताना फुगते आणि गुलाबी छटा धरते, तेव्हाच तोडावी लागते. उमलली की माल गेला. घोस तोडून देठ वेगळे करतात, कळ्या चटयांवर चार-पाच दिवस उन्हात वाळवतात. तीन किलो ओल्या कळ्यांची साधारण एक किलो लवंग होते. मध्येच पाऊस आला किंवा ओला माल ढिगात राहिला तर तो आंबतो. लवंग फिकट तपकिरी, पांढुरकी, सुरकुतलेली दिसते. अशा दाण्याला आंतरराष्ट्रीय प्रतवारीतही ‘खोकर’ असा शब्द आहे. डोकं गळालेले दाणे आणि पिकलेली फळं वेगळी मोजतात. चांगल्या लवंगेला नखाने दाबलं की तेल सुटतं. १९३७ मध्ये लवंगेच्या निर्यातीची मक्तेदारी तिथल्या सरकारने लवंग उत्पादकांच्या संघाला दिली. तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांनी विरोध केला, काँग्रेसने हिंदुस्थानात बहिष्कार पुकारला आणि १९३८ मध्ये तडजोड झाली. त्या वर्षांच्या मजकुरात ‘झांझिबारी लवंग’ हा राजकीय शब्द आहे, एवढं लक्षात ठेवून वाचावं.

राहिलं लेखन. ‘झांझिबार’ हेच रूप घ्यावं, दुसरा झि ऱ्हस्व. इंग्रजी उच्चारावरून ‘झॅंझिबार’ लिहितात ते टाळावं, स्वाहिलीत पहिला स्वर स्वच्छ ‘आ’कडचा आहे. ‘झांजिबार’ आणि ‘जांझिबार’ यांत एकाच ध्वनीसाठी दोन अक्षरं येतात, म्हणून तीही नकोत. १९६४ मध्ये १२ जानेवारीला क्रांती होऊन सुलतान गेला, २६ एप्रिलला टांगानिकाशी संयोग झाला आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून टांझानिया बनलं. त्यातला ‘झा’ हा झांझिबारचाच, म्हणून दोन्हीकडे झच शोभतो. आजही झांझिबारला स्वतःचा अध्यक्ष आणि विधिमंडळ आहे. त्यामुळे ‘झांझिबार देश’ चूक आणि नुसतं ‘झांझिबार बेट’ अपुरं. प्रशासनाबद्दल लिहिताना ‘स्वायत्त प्रदेश’ लिहा आणि बेटाबद्दल लिहिताना उंगुजा किंवा पेंबा असं नाव घ्या. शहराच्या जुन्या दगडी भागाला स्वाहिलीत ‘म्जी म्कोंग्वे’ म्हणतात, म्हणजे जुनं गाव. तिथल्या माणसाला मराठीत ‘झांझिबारी’ म्हणणं पुरेसं आहे. पण पेंबाचा माणूस असेल तर ‘पेंबाचा’ असंच म्हणा, कारण तिथे हा भेद लोक मनापासून पाळतात.