कास्टिंगमध्ये नवा आहेस? आधी क्यू द्यायला शीक

अरे, वर्सोव्याच्या आरामनगरात पहिल्या दिवशी तुला वाटेल, हे काम म्हणजे चेहरे निवडणं. छे! पहिलं वर्ष ऑडिशनला कॅमेऱ्यामागे उभं राहून क्यू देण्यातच, म्हणजे नटासाठी दुसऱ्या पात्राची वाक्यं वाचण्यातच जाईल. तेच नीट कर. तू सपाट वाचलंस की समोरचा चांगला नटही सपाट वाटतो आणि खापर त्याच्यावर फुटतं. माझ्या हातून असे दोन-तीन जण गेले, अजून रुखरुख लागते.

दुसरा टेक घ्यायचाच, पण वेगळी सूचना देऊन. माणूस सूचना किती पकडतो, ते पहिल्या टेकमध्ये कळत नाही. क्लिपला नाव, वय, उंची, भूमिका लगेच लिही. रात्री दोनशे क्लिपा चाळायला बसशील तेव्हा मला दुवा देशील.

अंधेरीबाहेर पड. कॉलेजांच्या एकांकिकांचा पुरुषोत्तम करंडक, राज्य नाट्य स्पर्धा, गडचिरोलीतल्या वडशाकडची झाडीपट्टी नाटकं बघ. ‘कोर्ट’ सिनेमात नारायण कांबळे साकारणारे वीरा साथीदार मुळात चळवळीतले कार्यकर्ते. असा माणूस पोर्टफोलिओच्या ढिगात कुठून सापडणार?

नटाकडून पैसे? एक रुपयाही नाही. आपली फी निर्मात्याकडून.

तुझी लाडकी निवड शेवटी दिग्दर्शक कापेल. तोंड पाडू नकोस, नाव वहीत ठेव, पुढच्या सिनेमाला कामी येतं. कौतुकाची घाई तर करूच नकोस. ऑस्करला आपल्या कामासाठी वेगळं पारितोषिक द्यायला २०२६ साल उजाडलं!

आणि हो, नाकारलेल्यांना कळवत जा. दोन ओळींचा मेसेजही चालतो.